धार चालू आहे तरी बझर वाजतो! खाऱ्या पाण्यातल्या आउटबोर्डचं कूलिंग

संगमावरचा

नमस्कार मंडळी, मी देवबागचा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आमची बोट असते, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आणि त्सुनामी आयलंडला नेणं-आणणं हा धंदा. गेल्या दिवाळीत ६० एचपीचं ४-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) सेकंडहँड घेतलं, आधीच्या मालकाने सांगितलं की सगळं सर्व्हिस केलेलं आहे. पहिले ४ महिने काही त्रास नाही. आता गेल्या आठवड्यात ३ वेळा असं झालं की डॉल्फिन दिसले म्हणून गती कमी केली, १० मिनिटं हळूहळू फिरलो आणि मशीन तापल्याचा बझर सुरू, आरपीएम आपोआप पडला. मागे बघितलं तर मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार चालू! बंद करून २० मिनिटं थांबलो, परत चालू केलं आणि फास्ट किनाऱ्यावर आलो तर वाटेत एकदाही बझर नाही.

इथल्या एका मेकॅनिकला दाखवलं, त्याने बघताक्षणी इंपेलर (पंपातलं पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) गेलाय म्हणून नवीन टाकला, पैसे घेतले, दुसऱ्या दिवशी परत तेच. बोटीत १० माणसं असतात, लहान मुलं असतात, वाऱ्याच्या तोंडावर मशीन बंद पडलं तर काय करायचं या विचाराने झोप लागत नाही. कोणाला असा अनुभव आहे का? धार येतेय म्हणजे पाणी फिरतंय ना?

तळाशीलची लाट

अरे बाबा, धार दिसता म्हणान मशीन थंड आसा असा समजू नको. माझ्या बापाशीन ३० वर्सा होडी मारल्यान, तो नेहमी सांगायचो, धारेक हात लावन बग. कोमट लागाक व्हयी. हात भाजलो तर ताबडतोब बंद कर. आणि एकदम थंडगार लागली तर पाणी आत फिरणा नाय, भायरच्या भायर जाता.

मरीन मिस्त्री

मी रत्नागिरीत २२ वर्षं आउटबोर्डचं काम करतोय. वरती दादांनी सांगितलेलं हात लावून बघणं चांगली सवय आहे, फक्त एक लक्षात घ्या, बऱ्याच मोटारींत ती धार थर्मोस्टॅटच्या (ठराविक गरम झाल्यावर पाण्याला वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आधीच्याच पाण्यातून काढलेली असते. म्हणजे पंप पाणी वर ढकलतोय एवढंच ती सांगते. ते पाणी पुढे सिलेंडरच्या भोवतीने हेडमध्ये (सिलेंडरच्या झाकणात) जाऊन थर्मोस्टॅटमधून बाहेर पडलं की नाही हे धारेवरून कळत नाही. त्यामुळे काही मशीनची धार चांगल्या तब्येतीतही गारच असते, आणि काहींचं हेड तापून लाल व्हायची वेळ आली तरी धार छान दिसते.

तुमच्या लिहिण्यात खरी खूण आहे ती ही की हळू चाललं की तापतं आणि जोरात चाललं की तापत नाही. खालची पाणी आत घेणारी जाळी बुजली असती तर साधारण उलटं होतं, हळू असताना कसंबसं भागतं आणि थ्रॉटल दिला की पाणी पुरत नाही. तुमच्या साइजच्या बऱ्याच मोटारींत थर्मोस्टॅटशिवाय एक स्प्रिंगचा प्रेशर वाल्व्ह असतो. आरपीएम वाढला, पाण्याचं प्रेशर वाढलं की तो उघडतो आणि थर्मोस्टॅटला वळसा घालून पाणी सोडतो. म्हणजे थर्मोस्टॅट मिठाने जाम होऊन बंदच राहिला असेल तर जोरात चालवताना तो वाल्व्ह तुम्हाला वाचवतो, आणि हळू केलं की वाल्व्ह मिटतो, पाण्याला वाटच नाही, बझर. किंवा त्या वाल्व्हखाली रेती नाहीतर रबर अडकून तो मिटतच नसेल, मग हळू असताना जे थोडं पाणी वर येतं तेही ब्लॉकमध्ये न फिरता निघून जातं. दोन्ही उघडून बघा. आणि महत्त्वाचं, जुना इंपेलर मेकॅनिककडून परत घेतलात का? त्याची सगळी पाती जागेवर होती का?

संगमावरचा

मिस्त्री, खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. जुना इंपेलर मी ठेवलाय. ६ पाती, त्यातलं एक पातं अर्ध्यातून तुटलेलं आहे. तो तुकडा कुठे गेला हे ना मी विचारलं ना त्याने सांगितलं.

मरीन मिस्त्री

तो तुकडा तुमच्या मशीनमध्येच आहे. मी तुटका इंपेलर काढला की आधी तुकडे जुळवून पूर्ण इंपेलर टेबलावर मांडतो, जोपर्यंत जुळत नाही तोपर्यंत काम संपलं असं धरत नाही. तुकडा पाण्याबरोबर वरती नळीतून जातो आणि जिथे वाट अरुंद असते तिथे बसतो. नवीन इंपेलर टाकून काही फरक पडत नाही, उलट तो जास्त जोराने ढकलून तुकडा अजून घट्ट बसवतो.

रेवदंड्याची

माझ्या घरची बोट आहे, नवरा आणि दीर मासेमारीला जातात आणि मशीनचं सगळं मी बघते, स्पेअरपार्टची वही पण माझ्याकडेच. आमच्याकडे २ वर्षांपूर्वी इंपेलर बदलून दिला होता कोणीतरी, आणि खालचं गिअरकेस (पंखा आणि गिअर असलेला मशीनचा खालचा भाग) परत चढवताना पाण्याची नळी पंपावरच्या रबरी बुशात बसलीच नव्हती. बाहेरून काहीच दिसत नाही, बोल्ट टाइट, सगळं नीट. किनाऱ्यावर चालू करून बघितलं तेव्हा थोडी धार आली, म्हणून निघाले, आणि कुलाबा किल्ल्याच्या पुढे गेल्यावर धार बंद. दिराने लगेच मशीन बंद केलं म्हणून वाचलो, दुसऱ्या होडीने ओढून आणलं. तेव्हापासून गिअरकेस चढवताना मी स्वतः टॉर्च घेऊन बसते, नळी बुशात गेली की नाही ते डोळ्याने बघते आणि मग बोल्ट लावू देते. संगमावरचे, तुम्ही पण ते चेक करा, काम नवीनच झालंय.

नवी होडी

मी अलिबागचा, मागच्या महिन्यात छोटी फायबरची होडी आणि ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक घेतलंय, शनिवार-रविवार गळ टाकायला जातो. हे वाचून घाबरलो. मी अजून एकदाही गोड्या पाण्याने धुतलेलं नाही, वरचं कव्हर ओल्या फडक्याने पुसतो फक्त. चालेल का? १५-२० वेळा गेलो असेन. आणि चालू करून बघायला अंगणात मशीन स्टँडवर लावून अर्धा मिनिट कोरडंच चालवतो, त्याने काही होतं का?

मरीन मिस्त्री

भाऊ, कोरडं चालवणं आजपासून बंद करा. इंपेलर रबराचा असतो आणि स्टीलच्या कपात घासत फिरतो, त्याला वंगण म्हणून फक्त पाणी. पाणी नसलं की काही सेकंदांत घासून गरम होतो, पात्यांची टोकं जळतात. अर्धा मिनिट १५ वेळा म्हणजे तुमचा इंपेलर मी न बघता बदलायला सांगेन. अंगणात चालू करायचं तर पिंपात. मोठं निळं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, पाणी घेणाऱ्या जाळ्या पूर्ण बुडून वर वीतभर तरी पाणी राहिलं पाहिजे, न्यूट्रलमध्येच ठेवा.

आणि धुण्याबद्दल. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मशीन बंद केल्यावर बरंच पाणी खाली निथळतं, पण कोपऱ्यांत, हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या घरात जे राहतं ते गरम धातूवर सुकतं आणि मीठ तिथेच राहतं. लोकांना वाटतं मशीन चालू असताना खारं पाणी नुकसान करतं, पण मी जेवढी मशीनं उघडली त्यावरून सांगतो, जास्त नुकसान बंद केल्यानंतरच्या रात्री होतं. दुसऱ्या दिवशी पाणी फिरलं की त्यातलं बरंचसं मीठ परत विरघळतं, पण जिथे पाण्याला जोर नाही तिथलं विरघळत नाही, तिथे थरावर थर चढत जातो.

अजून एक, मीठ एकटं नसतं. समुद्राच्या पाण्यातला चुना गरम धातूवर बसतो, पाणी जेवढं गरम तेवढा जास्त. गाडीचं इंजिन ८०-९० डिग्रीवर चालतं, पण आउटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० लाच उघडतात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे, गरम होऊ दिलं तर आतून किटलीसारखा पापुद्रा धरेल. साधं मीठ गोड्या पाण्याने जातं, चुन्याचा थर नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणून रोज धुवायचं, म्हणजे थर बसायच्या आधीच मीठ निघून जातं. आणि कोणी थर्मोस्टॅटच काढून टाका, मशीन थंड राहील असा सल्ला दिला तर ऐकू नका. इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल नीट जळत नाही, ४-स्ट्रोकमध्ये ते ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं.

खडकवासला

आमच्याकडे रोइंगच्या सेफ्टी बोटीवर २५ एचपी आहे, गोडं पाणी, ७ वर्षांत थर्मोस्टॅट एकदाच बदललाय. आतून काढला तेव्हा नव्यासारखा होता. तुमचं वाचून कळतं की खारं पाणी काय करतं. आमचा त्रास वेगळा, जलपर्णीची मुळं जाळीत जातात.

पणजीकर

मांडवीत माझी बोट बांधलेली असते, वर ओढता येत नाही. फ्लशिंगबद्दल, म्हणजे गोड्या पाण्याने आतून धुण्याबद्दल, एक शंका नेहमी राहते. माझ्या ४-स्ट्रोकला मागे पाइप लावायचं कनेक्शन आहे, मॅन्युअलमध्ये लिहिलंय की त्यातून पाणी सोडताना इंजिन बंद ठेवा. मग इंजिन बंद, थर्मोस्टॅट थंड, म्हणजे तो मिटलेला, तर हेडमधून पाणी जातंच कुठे? माझा शेजारी म्हणतो इयरमफ (खालच्या जाळीवर बसवायच्या रबरी वाट्या, त्यांना नळाचा पाइप जोडतात) लावून, इंजिन चालू ठेवून धुतलं तरच खरं. पाण्यात बांधलेल्या बोटीला इयरमफ लावायला कोण डुबकी मारणार?

मरीन मिस्त्री

मॅन्युअल म्हणतं तसंच करा. त्या कनेक्शनमधून वरून येणारं पाणी खालच्या पंपापर्यंत पुरेसं पोचेलच असं नाही, चालू ठेवलं तर वरती पाणी दिसेल आणि खाली इंपेलर कोरडा जळेल. थर्मोस्टॅटची शंका बरोबर आहे, त्यावर उपाय एवढाच की मशीन गरम असतानाच पाइप लावा. जेटीला आलात, माणसं उतरवली, की पहिलं काम पाइप. चहा नंतर. थर्मोस्टॅट उघडा असताना गोडं पाणी शिरलं की हेडमधलं खारं पाणी बाहेर पडतं. १०-१५ मिनिटं तरी सोडा. महिन्यातून एकदा बोट वर येत असेल तेव्हा इयरमफ लावून चालू करून धुवा, तेव्हा मात्र आधी नळ चालू, मग इंजिन, आणि बंद करताना आधी इंजिन मग नळ. पाण्यात बांधून ठेवत असाल तर मशीन पूर्ण वर उचलून ठेवा, पण धुवून झाल्यावर २ मिनिटं सरळ उभं करून पाणी निथळू दे आणि मगच उचला.

आखाती

शारजात असतो, मूळ वेंगुर्ल्याचा. इथे खाडीचं पाणी आपल्यापेक्षा जास्त खारट, लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास, आणि ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणीच ३३-३४ डिग्री असतं, म्हणजे थंड करायला घेतलेलं पाणीच कोमट. इथे लोक बोटीवर २०-२५ लिटरचा कॅन आणि १२ व्होल्टचा छोटा पंप ठेवतात, कनेक्शनला जोडलं की जेटीवर नळ नसला तरी काम होतं. काही जण त्यात सॉल्ट-अवे सारखं औषध मिसळतात, मी पण वापरतो, मीठ सुटतं त्याने. पण नुसतं गोडं पाणी रोज आणि औषध आठवड्यातून एकदा हे मला रोज थोडं औषध आणि थोडं पाणी यापेक्षा बरं वाटतं. पाण्याला पर्याय नाही.

संगमावरचा

पाण्याचाच तर मोठा प्रश्न आहे आखाती भाऊ. आमची वाडी म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, मधे अरुंद पट्टी. एप्रिल उजाडला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं. प्यायला बाहेरून आणतो. मग घरात पाणी मोजून वापरायचं आणि मी मशीनवर १५० लिटर ओतायचं हे आईला सांगायचं कसं? म्हणून मी खरं सांगतो, मार्चपासून धुणं रोजचं राहिलं नव्हतं, आठवड्यातून एकदा होत होतं. मचूळ पाण्याने धुतलं तर चालतं का? की त्याने अजून खराब होईल?

मरीन मिस्त्री

चालतं, नक्की चालतं! मचूळ म्हणजे समुद्राच्या मानाने मीठ खूपच कमी, ३५ ग्रॅमच्या जागी १-२ ग्रॅम. विहिरीच्या पाण्याने रोज धुवा आणि आठवड्यातून एकदा शेवटचे २०-३० लिटर चांगल्या पाण्याचे फिरवा. पावसाळ्यात मशीन ठेवताना मात्र शेवटचं पाणी गोडंच पाहिजे.

तळाशीलची लाट

आमी पिंपात धुतंव. पयल्या पिंपात ५ मिनटा चालवतंव, ता पाणी खारट जाता, चाखन बग तुका कळात. ता ओतून टाकतंव आणि दुसऱ्या पिंपात परत ५ मिनटा. दोन पिंपात काम जाता. धुतल्याचा पाणी माडाक घालतंव, माडाक थोडा खारट चलता.

रेवदंड्याची

चाखून बघायची युक्ती मस्त आहे, मी उद्याच करून बघते!

संगमावरचा

मंडळी, उघडलं. काल ट्रिप बंद ठेवल्या आणि मी आणि भाऊ सकाळपासून बसलो होतो. थर्मोस्टॅटच्या झाकणाला ४ बोल्ट, त्यातला एक निघेचना. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं घर, मधे पांढरी पावडर धरलेली. जोर लावला असता तर तुटलाच असता. भावाने गंज सोडवायचं तेल मारून २ तास ठेवलं, मग हेअर ड्रायरने झाकणाच्या बाजूने गरम केलं, थोडा घट्ट करायचा थोडा सैल करायचा असं करत करत निघाला.

आत थर्मोस्टॅट बघून पोटात गोळा आला. पांढरा थर, स्प्रिंग दिसत नव्हती, पूर्ण मिटलेला. आणि शेजारच्या प्रेशर वाल्व्हखाली काळा रबराचा तुकडा, जुन्या इंपेलरला लावून बघितला तर तंतोतंत जुळला!! मिस्त्री तुम्ही घरबसल्या सांगितलंत तसंच निघालं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच होत्या.

आता प्रश्न असा की थर्मोस्टॅट नवीन मागवलाय तो यायला ४ दिवस, तोपर्यंत हा साफ करून चालेल का? शेजारचे काका म्हणतात बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्ये टाक, २ मिनिटांत चकाचक. आतल्या पाण्याच्या वाटेत पण थर दिसतोय, तिथेही तेच ओतू का?

मरीन मिस्त्री

नाही! ते ॲसिड ॲल्युमिनियमवर घालू नका, चुना जाईल आणि त्याबरोबर धातूही जाईल, फेस येतो तो नुसत्या चुन्याचा नसतो, ॲल्युमिनियम विरघळतानाचाही असतो. असं धुतलेलं एक हेड माझ्याकडे आलं होतं, गॅस्केट बसायची जागा खड्डे खड्डे झालेली, ते हेड गेलंच. थर्मोस्टॅट साध्या व्हिनेगरमध्ये ठेवा, कोमट केलं तर लवकर सुटतं, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. आतल्या वाटेतला थर लाकडी काडीने जेवढा सुटेल तेवढा काढा, व्हिनेगर तिथे थोडा वेळच ठेवा आणि लगेच धुवून टाका. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका.

पणजीकर

आमची आजी तांब्याची भांडी आमसुलांनी घासायची, थर्मोस्टॅट पितळेचा असतो ना, त्याला चालेल का? माझ्याकडे कोकमाच्या आगळाची बाटली आहे.

रेवदंड्याची

आगळात मीठ घातलेलं असतं हो, ते नको. लिंबाचं सत्व मिळतं वाण्याकडे ते पाण्यात घालून वापरा. मी त्यानेच करते.

मरीन मिस्त्री

बरोबर बोललात ताई. साफ झाल्यावर तपासायचा असा: टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅटच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवून हळूहळू गरम करा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागून दोऱ्यावरून सुटून पडला पाहिजे. पाणी उकळलं तरी लटकलेलाच राहिला तर फेकून द्या, आणि नवीन येईपर्यंत ट्रिप करू नका. मला माहीत आहे मे महिना म्हणजे तुमचा कमाईचा महिना, पण १० माणसं घेऊन नको.

संगमावरचा

आईच्या जुन्या टोपात केलं. ६० कोरलेलं आहे, ७५ ला जेमतेम हलला, उकळल्यावर अर्धा उघडला आणि थंड झाल्यावर तसाच अडकून बसला. म्हणजे गेला. ट्रिप बंद ठेवल्या आहेत, शेजाऱ्याच्या बोटीवर मी चालवायला जातोय तोपर्यंत.

नवी होडी

मी इंपेलर बघितला, मिस्त्री म्हणाले तसंच, टोकं जळून कडक झालेली आणि सगळी पाती एका बाजूला वाकून तशीच राहिलेली. नवीन घेतला. बसवताना काय काळजी घेऊ? दुकानदाराने एक छोटी चावी दिलीय ती कशाला?

मरीन मिस्त्री

ती चावी शाफ्टच्या खाचेत बसते, तीच इंपेलरला शाफ्टबरोबर फिरवते. बसवताना ती पडते आणि लोकांना कळत नाही, म्हणून थोडं मरीन ग्रीस लावून चिकटवा. कप इंपेलरवर ढकलताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत फिरवत दाबा म्हणजे पाती बरोबर बाजूला दुमडतील, साबणाचं पाणी लावलं की सरकतो. कपाच्या आत आणि खालच्या पत्र्यावर नखाने बघा, नख अडकेल एवढी चर असेल तर ते पण बदला, नाहीतर नवीन इंपेलर पण पाणी ओढणार नाही. बोल्टला ग्रीस लावल्याशिवाय लावू नका, वर संगमावरच्यांच्या बोल्टचं काय झालं ते वाचलंत. रेतीच्या किनाऱ्यावर असाल तर दर वर्षी बदला, धंद्याच्या बोटीला मी पर्यटनाचा सीझन चालू व्हायच्या आधी आणि मधे एकदा तपासायला सांगतो. उथळ पाण्यात मशीन थोडं उचलून, कमी थ्रॉटलवर न्या, पंखा रेती उडवतो आणि ती सगळी पंपात जाते.

आखाती

ॲनोडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाहेर गिअरकेसवर आणि ब्रॅकेटवर जे राखाडी तुकडे असतात ते सगळ्यांना दिसतात, पण बऱ्याच मोटारींत सिलेंडरच्या पाण्याच्या वाटेत आतूनही छोटे ॲनोड असतात, एका बोल्टच्या झाकणामागे. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू आले की त्यातला कमजोर धातू झिजतो, ॲनोड स्वतः झिजून इंजिनचं ॲल्युमिनियम वाचवतो. अर्धा झिजला की बदला. आणि कोणी हौसेने त्यावर रंग मारला तर तो कामच करत नाही, इथे मी अशा २ बोटी बघितल्या.

तळाशीलची लाट

पावसाचा एक सांगतंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारीक बंदी, मशीन घरात. मागच्या वर्सा नारळी पुनवेक दर्याक नारळ दिलो, मशीन चालू केलंय तर धार येणा नाय. माका वाटला इंपेलर गेलो. उगडूक बसलंय आणि पोरग्यान सांगल्यान, बाबा, भोकात माती आसा. कुंभारीण माशीन धारेच्या भोकात मातयेचा घर बांधल्यान! तंगूस (गळाची नायलॉन दोरी) घालून साफ केलंय, धार धो धो. तेवापासून मशीन ठेवताना त्या भोकाक फडक्याचो बोळो लावतंय आणि त्येका लाल दोरी बांधतंय, म्हणजे काढूक इसरूक नाय.

रेवदंड्याची

लाल दोरी! हे मी वहीत लिहून ठेवलं. आमच्याकडे पण माती निघाली होती एकदा. आणि ठेवताना मशीन सरळ उभंच ठेवा, आडवं टाकलं तर राहिलेलं पाणी नको तिथे जातं.

संगमावरचा

नवीन थर्मोस्टॅट आला, बसवला. वाल्व्ह साफ केला, त्याची स्प्रिंग पण बदलली. आतला ॲनोड आखाती भाऊंनी सांगितल्यावर उघडून बघितला, नखाएवढा उरला होता, तोही नवीन. चारही बोल्टला ग्रीस. एक टेंपरेचर गन पण मागवली, हेडवर धरली की आकडा दिसतो. काल संध्याकाळी माणसं न घेता, मी आणि भाऊ दोघंच, संगमापासून किल्ल्याच्या बाजूला गेलो आणि मुद्दाम ४० मिनिटं एकदम हळू फिरलो. ६२ ते ६६ च्या मधे राहिलं. बझर नाही. भावाने तर हळू फिरताना देवाचं नावच घेतलं होतं.

पाण्याचं पण जमलं. आईला रबराचा तुकडा आणि तो थर्मोस्टॅट दाखवला, तिने दोन्ही हातात घेऊन बघितले आणि म्हणाली न्हाणीघराचं आणि भांड्यांचं शेवटचं विसळलेलं पाणी मी वेगळ्या पिंपात भरून ठेवते, त्यात साबण नसतो, ते घे. फडक्याने गाळून घेतो. त्यात विहिरीचं मिसळून रोजचे १०० लिटर होतात, आखाती भाऊंचा १२ व्होल्टचा पंप बसवलाय, शेवटचे १० लिटर चांगलं पाणी. पहिलं बाहेर पडणारं पाणी चाखून बघतो, खारट लागतं, शेवटचं लागत नाही तोपर्यंत पंप बंद करत नाही.

मरीन मिस्त्री

६६ म्हणजे उत्तम. पहिले १५ दिवस रोज तोच पॉइंट मोजून लिहून ठेवा, पेनाने हेडवर खूण करा म्हणजे दर वेळी एकाच जागी धराल. आकडा हळूहळू वर सरकायला लागला की बझर वाजायच्या आधी तुम्हाला कळेल. आणि पावसाळ्यात मशीन ठेवायच्या आधी गिअर ऑइल बघा, दुधासारखं झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय, खालचं सील गेलंय असं समजा, बऱ्याचदा तंगूस अडकून जातं.

तळाशीलची लाट

गन केवढ्याक गावली रे? आयतवारी मालवणाक येतलंय, घेवन ये, माझ्या मशीनाचा पण बगूया.

संगमावरचा

हजाराच्या आत मिळाली काका. आयतवारी ४ ची शेवटची ट्रिप आहे, त्यानंतर जेटीवर येतो, मशीन गरम असतानाच मोजू.